एंजिन दुबळे की पंखा जड?

मनुष्याने यशस्वी रीतीने उडविलेले पहिले यांत्रिक विमान हे घरी बांधलेले विमान होते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ऑर्व्हिल आणि विल्बर राइट हे बंधू अमेरिकेतील डेटन शहरी सायकलींचे दुकान चालवीत. त्यांना हवे तसे हलके एंजिन कोणी कारखानदार देईना, तेव्हा दुकानातील चार्ल्स टेलर या कारागिराने ते तेथेच घडविले. हे एंजिन थंड असताना क्षणभर सुमारे १६ अश्वशक्ती देई. परंतु मिनिटभर चालून तापले की तीच शक्ती १२ च्या आसपास उतरे. शक्ती कमी पडण्याचे दुखणे विमानाबरोबरच जन्मास आले, असे म्हणावयास हरकत नाही. तथापि १७ डिसेंबर १९०३ रोजी ते विमान उडाले, आणि याचे पुष्कळसे श्रेय त्याच्या दोन पंख्यांना द्यावे लागते. ते पंखे बंधूंनी स्वतः गणित मांडून आणि लाकूड तासून केले होते. ८ फूट ६ इंच व्यासाचे हे पंखे साखळीच्या योगाने सावकाश फिरत, आणि त्यामुळे हाती आलेल्या थोड्या शक्तीचा फार मोठा भाग विमानास पुढे रेटण्याच्या कामी लागे.

स्वहस्ते विमान बांधण्याची ही हौस पुढे वाढतच गेली. मिनेसोटा राज्यातील चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पीटनपोल याने १९२९ साली फोर्ड मोटारीचे ‘मॉडेल ए’ एंजिन लाकडी विमानास जोडून ते उडविले. त्या विमानाचे नकाशे छापून निघाले आणि त्यांवरून आजही विमाने बांधली जातात. १९५३ साली पॉल पोबरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे अशा हौशी मंडळींची संघटना स्थापन केली. मुंबईकरांना तर यासाठी परदेशाकडे पाहण्याचेही कारण नाही. कांदिवलीच्या अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनांचे विमान २०१६ सालच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात सहस्रावधी लोकांनी पाहिले.

अशा विमानांच्या बांधणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येणारी तक्रार एकच असते: एंजिनचा आवाज दणदणीत आहे, पण विमान चढत नाही. तक्रारीबरोबर निदानही बहुधा तयार असते. कोणी एंजिनास दोष देतो, कोणी पंख्यास. आणि ज्याच्या हाती जे हत्यार असेल त्याप्रमाणे उपचार सुरू होतो. हा प्रकार नुसता खर्चाचा नाही, तो जिवावरचा आहे. असे समजू की साडेचारशे किलो वजनाच्या विमानास ६० अश्वशक्तीचे एंजिन आहे. चढाच्या वेगाला पंखा त्यातील सुमारे ६० टक्के कामी लावतो, म्हणजे ३६ अश्वशक्ती प्रत्यक्ष हाती पडते. त्यांतील २२ केवळ विमान हवेत समपातळीत ठेवण्यातच खर्च होतात. उरलेल्या १४ वर काय तो चढ. आता एंजिन पंचमांशाने दुबळे झाले, तर पंख्यातून ३६ ऐवजी जेमतेम २९ मिळतील. बावीसांचा खर्च मात्र टळत नाही; शिल्लक राहतात ७. म्हणजे शक्ती गेली पंचमांश, पण चढ गेला निम्मा. मिनिटास १४० मीटर चढणारे विमान सत्तरावर येते, आणि धावपट्टीपलीकडील झाडे तर आपली उंची कमी करीत नाहीत.

पंख्याचे कार्य समजल्यावाचून या कोड्याचा उलगडा होत नाही. लाकडात स्क्रू फिरविला असता एका फेऱ्यात तो जितका आत जातो तितके त्याच्या दोन आट्यांमधील अंतर असते. विमानाचा पंखाही हवेत फिरणारा स्क्रूच होय. एका फेऱ्यात तो तत्त्वतः जितका पुढे सरकेल त्या अंतरास पिच म्हणतात. पंख्यावर ‘६० × ४२’ असे अंक असतील तर त्याचा व्यास ६० इंच आणि पिच ४२ इंच. मिनिटास २,५०० फेरे घेताना असा पंखा ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगाचा हिशेब मांडतो. हवा लाकडाइतकी घट्ट नसल्यामुळे पंखा थोडा घसरतो, पण ठोकळ अंदाजास हे पुरे.

ज्यांनी मोटार हाकीत बोरघाट चढला असेल त्यांना पिचची मातब्बरी निराळी सांगावयास नको. घाटात टॉप गिअर तसाच ठेवला तर मोटार धापा टाकते. एंजिन बिघडलेले नसते, त्यास फेरे घेता येत नसतात, आणि फेरे नाहीत म्हणून शक्तीही नाही. मोठ्या पिचचा पंखा म्हणजे टॉप गिअर, लहान पिचचा म्हणजे पहिला गिअर. फरक एवढाच की मोटारीचा दांडा चालकाच्या हाताशी असतो, आणि साध्या घरगुती विमानाचा पंखा म्हणजे कायमचा बसविलेला एकच गिअर. तोच घेऊन धावावयाचे, तोच घेऊन चढावयाचे आणि तोच घेऊन प्रवास करावयाचा. हा पंखा नेहमी तडजोडीचाच असणार. प्रश्न फक्त तडजोड कोणाच्या बाजूने झाली आहे एवढाच.

मोटारीचे एंजिन विमानास बसविणाऱ्यांची येथे विशेष फसगत होते. फोक्सवॅगनच्या १६०० घन सेंटिमीटरच्या एंजिनाची शक्ती सुमारे ५० अश्वशक्ती सांगतात, आणि ती खरी आहे. पण ती मिनिटास ४,००० फेऱ्यांवरची. ६० इंची पंखा थेट एंजिनास जोडून तितका फिरविला, तर त्याचे टोक सेकंदास सुमारे ३२० मीटर वेगाने धावेल. हा वेग ध्वनीच्या वेगाला जवळजवळ भिडतो, आणि तेथे शक्ती रेट्याऐवजी गोंगाटात जाते. म्हणून पंखा ३,००० च्या आसपासच फिरवावा लागतो, आणि छापील ५० अश्वशक्ती छापीलच राहतात. त्यातून पंखा जड निघून २,५०० वरच अडकला तर बोलावयासच नको. पीटनपोलचे फोर्ड एंजिन या दृष्टीने भाग्याचे: सव्वातीन लिटरचे ते अवजड धूड २,२०० फेऱ्यांवरच आपली ४० अश्वशक्ती देत असे. त्यामुळे मोठा, सावकाश फिरणारा पंखा त्यास मानवला.

आता मुख्य अडचण. विमान जमिनीस खिळवून, थ्रॉटल पुरता उघडून फेरे मोजले आणि ते अपेक्षेहून कमी निघाले, तर त्याचे दोन अर्थ होतात. एंजिन दुबळे असेल, अथवा पंखा जड, म्हणजे पिच किंवा व्यास प्रमाणाबाहेर असेल. काटा दोन्ही वेळा तेच दाखवितो. पंख्यास लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे फेऱ्यांतील लहानशी तूटही मोठी असते. कालपर्यंत २,४०० फेरे देणारे विमान आज त्याच पंख्याने २,२८० देऊ लागले, तर काटा पाचच टक्के खाली आलेला दिसतो. शक्ती मात्र १४ टक्के नाहीशी झालेली असते. शंभर-सव्वाशे फेऱ्यांचे काय एवढे, असे म्हणणारा मनुष्य सातवा हिस्सा एंजिन घरी ठेवून निघालेला असतो.

अशा वेळी सर्वांत मोहक आणि सर्वांत घातक उपाय म्हणजे पंख्याची टोके कापणे किंवा पिच उतरविणे. फेरे तत्काळ वाढतात आणि सर्वांना समाधान वाटते. परंतु दोष एंजिनात असेल तर हे रोग्याचे ओझे हलके करून त्यास बरा झाला म्हणण्यासारखे आहे. जळकी झडप आत तशीच जळत राहते, आणि ती सांगणारा एकुलता एक साक्षीदार, म्हणजे फेऱ्यांचा काटा, फितविला गेलेला असतो.

मुळात हा साक्षीदार खरे बोलतो की नाही हे आधी पाहिले पाहिजे. घरगुती विमानांतील टॅकोमीटर शे-दीडशे फेऱ्यांनी चुकावा यात नवल नाही. आणि काट्याच्या चुकीपायी चांगली एंजिने खोलली गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. हल्ली प्रकाशावर चालणारे, दुरून फेरे मोजणारे छोटे यंत्र स्वस्तात मिळते. तेही नसेल तर जुन्या पद्धतीची, चोक लावलेली ट्यूबलाइट कामास येते. भारतातील विजेवर असा दिवा सेकंदास १०० वेळा लुकलुकतो. रात्री त्याच्या उजेडात दोन पात्यांचा पंखा ३,००० फेऱ्यांवर दोनच पात्यांसह निश्चल उभा असल्यासारखा दिसतो. २,००० वर सहा पाती स्थिर दिसतात आणि १,५०० वर चार. तेवढ्यावरून काट्याची परीक्षा होते. एलईडीचे नवे दिवे बहुधा या कामी निरुपयोगी. पाहणाऱ्याने उभे राहावयाचे ते पंख्याच्या मागे आणि दूर. स्थिर दिसणारा पंखा स्थिर नसतो हे सांगावयाचे कारण असे की तो खरोखरच तसा वाटतो.

काटा खरा ठरला की जमिनीवरची परीक्षा नीट घ्यावी. वारा पडलेला असावा, कारण समोरून येणारा वारा पंख्याचे ओझे हलके करून फेरे फुगवितो. चाकांना ठोकळे लावावे आणि शेपटी भक्कम खुंटीला बांधावी; उत्साही मेव्हण्याने शेपटी धरून उभे राहणे ही काही बांधणी नव्हे. एंजिन तापू द्यावे, कारण राइट बंधूंचे एंजिन थंडपणी जे सांगे ते तापल्यावर मोडीत काढी, आणि हा स्वभाव आजच्या एंजिनांतही आढळतो. मात्र उभ्या विमानास थंड वारा मिळत नाही, म्हणून पूर्ण थ्रॉटल फार वेळ ठेवू नये.

या परीक्षेत एंजिनाचे कमाल फेरे दिसावे अशी अपेक्षा करणे चूक आहे. कॉन्टिनेंटल कंपनीचे ओ-२०० एंजिन २,७५० फेऱ्यांवर १०० अश्वशक्ती देते. पण योग्य पंखा असेल तर ते जमिनीवर तेथवर जात नाही आणि जाऊही नये. विमान वेगात आले की पंख्याचे ओझे कमी होते आणि फेरे आपोआप चढतात. उभ्यानेच कमाल आकडा गाठला तर पंखा फार हलका; ते विमान उडेल चटकन, पण पुढे थ्रॉटल आवरून धरावा लागेल आणि वेग मिळणार नाही.

एंजिन व पंखा यांतील दोषी कोण हे ठरविण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग म्हणजे माहितीचा पंखा आणून लावणे. तशाच निरोगी एंजिनावर किती फेरे देतो हे ठाऊक असलेला पंखा आपल्या एंजिनावर तितकेच देत असेल, तर एंजिन निर्दोष आणि आपला पंखा जड. कमी देत असेल तर पंख्यास हातही लावू नये. आणि पूर्वी ठीक असलेले विमान आता त्याच पंख्याने मागे पडत असेल, तर विचार करण्याचेही कारण नाही. लाकूड रात्रीतून वाढत नसते, एंजिनच आजारी आहे.

आजार शोधताना सोप्यापासून आरंभ करावा, आणि घरगुती विमानात सोपे दोषच अधिक सापडतात. थ्रॉटलचा दांडा चालकाजवळ पुरता पुढे गेला तरी दुसऱ्या टोकास कार्ब्युरेटरची झडप पुरती उघडली आहे का, हे एकाने ढकलून आणि दुसऱ्याने डोळ्यांनी पाहून ठरवावे. तार सैल असली की शक्तीचा मोठा हिस्सा तेथेच अडतो. कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी झडप नीट मिटत नसेल तर एंजिन सदैव तापलेली, विरळ हवा खात राहते. हवेची गाळणी तुंबलेली असते. एक्झॉस्टच्या डब्यातील पत्रे तुटून वाटेत आडवे येतात, हे तर बाहेरून दिसतही नाही. ठिणगी पडण्याची वेळ किंचित मागे सरकली तरी एंजिन सुरेख चालते, फक्त जोर करीत नाही. दोन मॅग्नेटो असतील तर एकेक बंद करून फेरे किती उतरतात ते पाहावे. शेवटी सिलिंडरांची दाबपरीक्षा: दट्ट्या वर असताना आत दाबाने हवा सोडावयाची आणि ती कोठून निसटते ते ऐकावयाचे. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर बाहेरची झडप गळते, कार्ब्युरेटरमधून आली तर आतली, आणि तेल घालण्याच्या तोंडातून आली तर दट्ट्याच्या कड्या झिजल्या.

पेट्रोलच्या पुरवठ्याविषयी थोडे सावकाश बोलले पाहिजे, कारण येथे जमिनीवरची परीक्षा फसवी ठरते. विमान आडवे असताना पेट्रोल भरपूर वाहते. नाक वर करून चढू लागले की टाकी आणि कार्ब्युरेटर यांच्या उंचीतील फरक कमी होतो आणि धार बारीक होते. म्हणून विमानाचे नाक चढाइतके किंवा थोडे अधिक उचलून, टाकीत थोडेच पेट्रोल ठेवून, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडवून प्रवाह मोजतात. टाकी केवळ गुरुत्वाने वाहणारी असेल तर हा प्रवाह पूर्ण शक्तीच्या खर्चाच्या दीडपट असावा असा दंडक आहे. एंजिन ताशी २० लिटर पीत असेल तर दहा मिनिटांत ५ लिटर भांड्यात पडले पाहिजेत. न पडल्यास टाकीच्या हवेच्या छिद्राकडे पाहावे. कुंभारीण माशीस घर बांधावयास ती जागा फार आवडते. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा मंडळाने २०१२ साली घरगुती विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही एंजिन बंद पडणे अथवा शक्ती जाणे हे प्रमुख कारणांत निघाले, आणि उड्डाणापूर्वी इंधनव्यवस्थेची अशी परीक्षा सक्तीची करावी अशी शिफारस मंडळाने केली.

कार्ब्युरेटरात गोठणाऱ्या बर्फाचा दोष मात्र परत येताना पुरावा नाहीसा करतो. हवा दमट असेल तर बाहेर वीस अंश तपमान असतानाही पेट्रोलच्या बाष्पीभवनाने आत बर्फ धरते. फेरे हळूहळू उतरतात. गरम हवा दिली की आधी आणखी उतरतात आणि मग पूर्वीहून वर चढतात. हाच बर्फाचा पुरावा.

याहून फसवी गोष्ट विरळ हवेची. पुण्याचा लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंच आहे. तेथे ४० अंशांच्या दुपारी हवा प्रमाण हवेपेक्षा जवळजवळ १४ टक्के विरळ असते. एंजिनास तितकी हवा कमी मिळते आणि त्याची शक्ती घटते. पण त्याच विरळ हवेत पंख्याचे ओझेही तितकेच घटते. परिणामी फेऱ्यांचा काटा जुहूच्या समुद्रकाठी पहाटे जेथे असतो जवळजवळ तेथेच राहतो, आणि चालकास वाटते की सर्व ठीक आहे. वर उदाहरणातील ६० अश्वशक्तीचे दुबळे एंजिन पुन्हा ध्यानात आणावे: पंचमांश शक्ती आधीच गेलेली, उरल्यापैकी आणखी १४ टक्के हवेने नेली. पंख्यातून २५ देखील मिळत नाहीत, खर्च २२ हून थोडा अधिकच. या विमानास चढ जवळजवळ उरलेलाच नाही, आणि फेऱ्यांचा काटा मात्र पहाटेच्या त्याच आकड्यावर उभा आहे.

एंजिन निर्दोष ठरल्यावरच पंख्याकडे वळावे, आणि त्यावर छापलेल्या अंकांवर विसंबू नये. एका कारागिराचा ४२ इंच पिच दुसऱ्याच्या चव्वेचाळीसाबरोबर असू शकतो. पिच घरी मोजता येतो. मध्यापासून टोकाकडे पाऊण अंतरावर खूण करावी. ६० इंची पंख्यात ती साडेबावीस इंचांवर येते. तेथे पात्याच्या सपाट बाजूचा कल कोनमापकाने पाहावा. साडेसोळा अंश भरला तर पिच सुमारे ४२ इंच. दोन्ही पाती सारखी भरली पाहिजेत. एका अंशाचा फरक म्हणजे तेथे पावणेतीन इंच पिच, आणि ठोकळ मानाने एक इंच पिच उतरविल्यास पन्नासाच्या आसपास फेरे वाढतात. म्हणून ज्या पंख्यांची पाती जमिनीवर फिरवून बसविता येतात त्यांत एका वेळी अर्ध्या अंशाहून अधिक फरक करू नये, आणि प्रत्येक फरकानंतर जमिनीवरची परीक्षा पहिल्यापासून घ्यावी. लाकडी पंखा तासून हलका करणे हे काम ज्याने तो केला त्याच्याकडेच द्यावे. तासलेले लाकूड परत चिकटत नाही, आणि दोन पात्यांतील तोळ्याचा फरकही एंजिनास हादरे देऊन सोडतो.

पंखा पुन्हा बसविताना बोल्ट सांगितलेल्या ताणानेच आवळावे, आणि पहिल्या उड्डाणानंतर तो ताण परत पाहावा. आपल्याकडे हे काम वर्षातून निदान दोनदा निघते. पावसाळ्यात लाकूड फुगून बोल्टांखाली दबते, आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तेच आकसून बोल्ट सैल पडतात.